वाक्य सुधारणारे यंत्र आणि सही करणारा माणूस



वाक्ये सुधारून देणाऱ्या यंत्राचा इतिहास हा विषय एखाद्या भाषापंडिताने किंवा संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडावयाचा. तो कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाकडे कसा आला, असे आपणांपैकी काहींना वाटणे साहजिक आहे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या गेटवर आणि सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर अधिक झाले. परंतु कामगार चळवळीचे निम्मे काम कागदाचे असते, ही गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. मागणीपत्र, रजेचा अर्ज, चार्जशीटला द्यावयाचा खुलासा, अपघाताची हकीकत, न्यायालयातला तक्रारअर्ज, हे सारे वाक्यांचेच काम आहे. एका वाक्यावर माणसाची नोकरी जाते आणि एका वाक्यावर ती परत मिळते. तेव्हा वाक्य हा आमच्याही धंद्याचा विषय आहे, एवढे आपण मान्य कराल.

गेल्या काही वर्षांत हे कागद आमच्याकडे निराळ्याच रूपात येऊ लागले आहेत. इंग्रजी सफाईदार, शुद्धलेखन निर्दोष, सुरुवातीला नमस्कार आणि शेवटी आभार. हे कोणी लिहून दिले असे विचारावे, तर कामगार खिशातला मोबाईल काढून दाखवतो. त्याने मोडक्यातोडक्या भाषेत लिहिले आणि सॉफ्टवेअरने ते नीट करून दिले. हे यंत्र आले कोठून, ते वाक्याचे नेमके काय करते, आणि त्याच्या हाती काय द्यावे व काय देऊ नये, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, आपले वाक्य दुसऱ्याकडून सुधारून घेण्याची रीत काही नवी नाही. पत्राचा मायना कोणाला कसा लिहावा, थोरल्यास काय म्हणावे, बरोबरीच्यास काय म्हणावे, हे ठरलेले असे आणि ते कारकुनाला पाठ असे. इंग्रजी अमलात कचेरीच्या आवारात अर्ज लिहिणारे बसू लागले. पुढे त्यांच्यापुढे टाइपरायटर आला. शेतकरी किंवा गिरणी कामगार समोर उकिडवा बसून आपले गाऱ्हाणे सांगे आणि लिहिणारा त्याचे 'सेवेशी विनंती अर्ज ऐसाजे' करी. हकीकत एकाची, भाषा दुसऱ्याची आणि अंगठा पुन्हा पहिल्याचा, अशी ही वाटणी होती. या वाटणीत जबाबदारी सगळी अंगठा देणाऱ्यावर पडे. कागदात काय लिहिले आहे हे मात्र त्यालाच वाचता येत नसे. आजचा सगळा प्रश्न या एका वाटणीत सामावलेला आहे.

भाषा सुधारून देणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थ यांच्या ज्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 साली निघाली, त्या कोशाच्या कामात ते होते. पुढे शाळाखात्याच्या मराठी पुस्तकांवर त्यांची नजर फिरू लागली. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुळली, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. हा उपकारच म्हटला पाहिजे. कारण विरामचिन्हांशिवाय लांब वाक्य वाचणे किती जिकिरीचे असते, हे जुने कागद चाळणाऱ्यास ठाऊक आहे. तथापि मराठी वाक्य चांगले कोणते हे एका इंग्रज अधिकाऱ्याने ठरवावे, ही गोष्ट खटकण्यासारखीच होती. सोय आणि सत्ता एकाच हातातून आली, म्हणून दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

माणसाने माणसाचे वाक्य सुधारावे, हा क्रम सर्व देशांत होता. ते काम यंत्राकडे सोपवावयाचे तर आधी वाक्याचा चांगुलपणा आकड्यात मांडता आला पाहिजे, कारण यंत्राला आकड्याखेरीज काही कळत नाही. हा आकडा प्रथम अमेरिकेत तयार झाला. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1921 साली इंग्रजीतील नेहमी वापरात येणाऱ्या दहा हजार शब्दांची यादी शिक्षकांसाठी प्रसिद्ध केली. पुस्तक सोपे की अवघड, हे त्यातील शब्द मोजून ठरवता येईल, असा विचार त्यातून पुढे आला. नंतर रुडॉल्फ फ्लेश या गृहस्थांनी 1948 साली एक सूत्र मांडले. फ्लेश मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या धास्तीने देश सोडून ते अमेरिकेत आले आणि परक्या भाषेत लिहू लागले. एका वाक्यात सरासरी शब्द किती आणि एका शब्दात सरासरी उच्चाराचे अवयव किती, या दोनच गोष्टी मोजून ते मजकुराला साधारणपणे शून्य ते शंभर गुण देत. गुण जितके अधिक, तितका मजकूर सोपा. अमेरिकेच्या नौदलासाठी 1975 साली पीटर किंकेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच सूत्र सुधारून घेतले. साध्या खलाशाला यंत्राची माहितीपुस्तिका समजली नाही तर यंत्र बिघडते आणि माणूसही मरतो, म्हणून नौदलाला हा हिशेब हवा होता.

या सूत्राची उपयुक्तता नाकारता येणार नाही. परंतु त्याची मर्यादाही पाहा. 'मालकाने कामगाराला काढले' हे एक वाक्य घ्या आणि 'कामगाराने मालकाला काढले' हे दुसरे घ्या. शब्द तितकेच, अक्षरे तितकीच. सूत्र दोघांना सारखेच गुण देईल. पहिली गोष्ट रोज घडते, दुसरी अद्याप आमच्या ऐकिवात नाही. पण हा फरक सूत्राच्या नजरेस येत नाही. वाक्याचे वजन त्याला करता येते, वाक्यात काय भरले आहे ते कळत नाही. पुढील सत्तर वर्षांत यंत्रे पुष्कळ शहाणी झाली, तरी ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या.

याच सुमारास वाक्ये सुधारण्याची दुसरी एक चळवळ इंग्लंडात चालू होती, आणि ती खालून वर आलेली होती. क्रिसी माहेर ही लिव्हरपूलची बाई. लहानपणी शाळा झाली नाही. पौगंडावस्थेत येईपर्यंत तिला नीट वाचता येत नव्हते. सरकारी मदतीचे फॉर्म ज्या गरिबांसाठी काढलेले, त्यांनाच ते उमगत नाहीत, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. तिने 1979 साली लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये सरकारी फॉर्मांच्या चिंध्या करून सोप्या इंग्रजीची मोहीम सुरू केली. फ्लेश यांनी लिहिणाऱ्याला गुण दिले. या बाईने लिहिणाऱ्या साहेबालाच जाब विचारला. भाषेची सुधारणा या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एकीत गरीब माणसाला साहेबासारखे बोलावयास शिकवतात, आणि दुसरीत साहेबाला गरिबास समजेल असे लिहावयास लावतात. कोणतेही यंत्र समोर आले की ते या दोहोंपैकी कोणते काम करते, हे आम्ही आधी विचारतो.

आता यंत्राकडे वळू. शब्दांचे शुद्धलेखन तपासणारी सॉफ्टवेअरे आधी झाली. स्टॅनफर्ड येथे राल्फ गोरिन यांनी 1971 साली केलेले सॉफ्टवेअर त्यांपैकी गाजलेले. पूर्ण वाक्याला हात घातला तो न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेने. लोरिंडा चेरी, नीना मॅक्डोनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे लेखकासाठी सॉफ्टवेअरांचा एक संचच तयार केला. वाक्ये किती लांब आहेत, कर्मणी प्रयोग किती वेळा आला, कोणते शब्द पाल्हाळिक आहेत, हे तो दाखवून देई आणि पाल्हाळिक शब्दाला पर्याय सुचवी. बदल करावयाचा की नाही, हे मात्र लिहिणाऱ्यावर सोडलेले असे. त्यानंतर आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हायडॉर्न, कॅरन जेन्सन प्रभृतींनी कचेरीतील पत्रव्यवहार तपासणारी योजना आखली. त्यात वाक्याचे व्याकरण सोडवून, कर्ता कोणता व क्रियापद कोणते हे ओळखून, मग चूक दाखवली जाई. हीच मंडळी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेली. वर्ड या सॉफ्टवेअरच्या 1997 च्या आवृत्तीत चुकलेल्या वाक्याखाली हिरवी नागमोडी रेघ येऊ लागली, ती त्या संशोधनातून. चुकलेल्या शब्दाखालची लाल रेघ त्याआधीच आली होती. कचेरीत संगणकावर बसलेल्या प्रत्येकाने या रेघांचा धाक अनुभवला आहे. मास्तर वर्गाबाहेर पडून आमच्या टेबलावर येऊन बसला, असेच ते झाले.

इथवर यंत्र केवळ बोट दाखवी. वाक्य फिरवून देत नसे. ही मर्यादा नव्या शतकात ओलांडली गेली. युक्रेनच्या तीन तरुणांनी 2009 साली ग्रामर्ली सुरू केली. तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत मांडून देणारे क्विलबॉट 2017 साली निघाले. त्याच वर्षी गूगलमधील आठ संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला, आणि आजची जवळजवळ सर्व भाषायंत्रे त्या पायावर उभी आहेत. त्या आठांपैकी निकी परमार या पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या, ही आपणांस समाधानाची गोष्ट आहे. अखेर 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि वाक्य सुधारणे हे काम ज्याच्या हाती मोबाईल आहे त्या प्रत्येकाच्या आवाक्यात आले.

हे नवे यंत्र व्याकरणाचे नियम पाठ करून चालत नाही. त्याला अफाट मजकूर वाचावयास दिलेला असतो. शब्दांचे आकडे करून, कोणत्या शब्दाचा वाक्यातील दुसऱ्या कोणत्या शब्दाशी किती संबंध आहे हे ते तोलते आणि पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, ते सांगते. थोडक्यात, त्याला सर्वांत रुळलेली वाट ठाऊक असते. म्हणून त्याने सुधारलेले वाक्य गुळगुळीत असते. आणि ज्यांचे लिखाण त्या ढिगाऱ्यात अधिक, त्यांच्या वळणाचे ते असते. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर तेथे फारच थोडा. तेव्हा पुष्कळदा मराठी शब्दांच्या खाली इंग्रजी वाक्याचा सांगाडा दिसतो. कँडी साहेबांच्या वेळचा प्रश्न पुन्हा आला आहे, फक्त आता साहेब दिसत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी 2025 साली भारतीय व अमेरिकन मिळून 118 लोकांना लिहावयास बसवले. यंत्राच्या सूचना घेऊन लिहिताना भारतीयांचे लिखाण अमेरिकन वळणाकडे झुकले. आवडीच्या खाण्याविषयी लिहू लागताच पिझ्झा पुढे यावा आणि सणाविषयी लिहू लागताच ख्रिसमस यावा, असा तो प्रकार होता.

याचा अर्थ यंत्र टाकून द्यावे असा आमचा मुळीच अभिप्राय नाही. फायदा खरा आहे. 'सायन्स' या नियतकालिकात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साडेचारशेच्या आसपास शिकलेल्या नोकरदारांना लिखाणाची कामे दिली होती. यंत्राची मदत घेणाऱ्यांना वेळ सुमारे 40 टक्के कमी लागला आणि कामाचा दर्जा 18 टक्के वाढला. त्यातही लिहिण्यात मागे असलेल्यांना लाभ अधिक झाला. ज्याला इंग्रजी येत नाही म्हणून हक्काच्या रजेचा अर्जही दुसऱ्याच्या दारात जाऊन लिहून घ्यावा लागे, तो आज कोणाच्या पाया न पडता लिहू शकतो. ही स्वातंत्र्याचीच गोष्ट आहे, आणि तिला नाके मुरडण्याचा अधिकार ज्यांना घरात इंग्रजी मिळाले त्यांना तरी नाही.

उलट, सफाईदार भाषा नसल्याचा दंड आजही बसतोच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 साली एक गोष्ट तपासली. लिखाण माणसाचे की यंत्राचे, हे ओळखण्याचा दावा करणारी सात सॉफ्टवेअरे त्यांनी घेतली आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांचे, हाताने लिहिलेले 91 निबंध त्यांना दाखवले. सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. शब्द साधे, वाक्ये ठरावीक, म्हणून संशय! तेच निबंध यंत्राकडून भारदस्त करून घेतले, तेव्हा हा संशय पुष्कळ कमी झाला. म्हणजे खऱ्या माणसाने माणूस ठरण्यासाठी यंत्राचा आधार घ्यावयाचा. गरिबाची साक्ष खोटी ठरवण्याची जुनी रीत येथे नव्या कपड्यांत आलेली दिसते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. कल्पना करा की एखाद्या कामगाराने असे लिहिले आहे: 'प्रेसचे गार्ड चार दिवसांपासून काढून ठेवले होते. मी सुपरवायझरला दोनदा सांगितले. ते म्हणाले, आधी माल काढ. मंगळवारी दुसऱ्या पाळीत माझी दोन बोटे गेली.' हे यंत्राला देऊन 'सभ्य आणि चांगल्या भाषेत करून दे' असे सांगितले, तर पुष्कळदा या धर्तीचे काही हाती येते: 'सुरक्षाविषयक काही अडचणींमुळे मंगळवारी कामाच्या ठिकाणी एक दुर्दैवी घटना घडली व मला दुखापत झाली. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.' शुद्धलेखन बरोबर, व्याकरण बरोबर. पण चार दिवस गेले, दोनदा गेले, सुपरवायझर गेला आणि त्याचे शब्दही गेले. दोन बोटांची 'दुखापत' झाली. भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात कोणती आणि किती बोटे गेली यावर टक्केवारी ठरलेली आहे. 'दुखापत' या शब्दाला तेथे टक्का नाही. पहिल्या कागदावर भरपाई मिळते. दुसऱ्यावर सहानुभूती मिळते.

हा यंत्राचा दुष्टपणा नव्हे. 'मजकूर बदलू नको, फक्त चुका दुरुस्त कर' असे सांगितले तर ते बहुधा तसेच करते. परंतु 'चांगली भाषा' म्हणजे ज्या भाषेत कोणी काही केलेले नसते आणि सर्व काही आपोआप घडलेले असते, ही समजूत कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे जोपासली आहे. यंत्र ती आपल्याला परत देते, इतकेच. बेल प्रयोगशाळेतील जुने सॉफ्टवेअर कर्मणी प्रयोग मोजून दाखवी, कारण त्यात कर्ता लपतो. आजचे यंत्र, सभ्यता मागितली की, पुष्कळदा कर्त्याला हळूच पडद्याआड नेते.

उलट बाजूचे उदाहरण आमच्याच इतिहासात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या पाहा. आठवड्यातून रविवारची सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार. प्रत्येक मागणीत दिवस, तास, तारीख किंवा निश्चित हक्क आहे. ज्यांच्या सह्या होत्या त्यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पण कागद वाचून दाखवला असता हे आपलेच म्हणणे आहे, असे प्रत्येकाला ओळखता आले असते. मुंबईच्या गिरण्यांना 1890 साली रविवारची सुटी मिळाली. 'कामाच्या वेळेबाबत सहानुभूतीने विचार व्हावा' असे त्या कागदात लिहिले असते, तर काय मिळाले असते हे सांगावयास नको.

वाक्य कोण फिरवणार, हा प्रश्न अलीकडे एका मोठ्या संपाच्याही मुळाशी होता. अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणीच्या लेखकांच्या संघटनेने, राइटर्स गिल्डने, 2 मे 2023 रोजी संप पुकारला. सुमारे साडेअकरा हजार लेखक 148 दिवस बाहेर राहिले. मागण्या पुष्कळ होत्या, त्यांत यंत्राचीही होती. त्या धंद्यात मूळ लिखाणाला मोल अधिक आणि पुनर्लेखनाला कमी. पहिला खर्डा यंत्राकडून काढावा आणि तो 'सुधारण्याचे' कमी पैसे लेखकाला द्यावेत, अशी भीती होती. समझोत्यात ठरले की, यंत्राला लिखाण वा पुनर्लेखन करणारा लेखक मानता येणार नाही. कंपनी लेखकाला ते वापरण्याची सक्ती करू शकणार नाही. कंपनीच्या संमतीने लेखकाला वापरावयाचे असेल तर मोकळीक राहील. आणि यंत्राने केलेला मजकूर दिला तर तसे सांगावे लागेल. यंत्र मोडा, असे त्यांनी म्हटले नाही. यंत्र कोणाच्या हुकमाने चालेल, एवढेच त्यांनी लिहून घेतले. आम्हांस हा करार दिशादर्शक वाटतो.

आणि एक गोष्ट. या यंत्राच्या पोटातही कामगार आहेत. यंत्राने अभद्र व किळसवाणे लिहू नये म्हणून तसा मजकूर माणसांना वाचून वेगळा काढावा लागतो. चॅटजीपीटीसाठी हे काम केनियातील कामगारांनी तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीवर केले, हे 2023 च्या जानेवारीत 'टाइम' नियतकालिकाने उघड केले. आपले सभ्य वाक्य कोणाच्या तरी मनस्तापावर उभे आहे, ही जाणीव आम्हां चळवळीतल्या माणसांना तरी असली पाहिजे.

मग व्यवहारात काय करावे? आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, यंत्र उघडण्याआधी आपली हकीकत आपल्या भाषेत कागदावर उतरवा: कोणी, काय, केव्हा, किती, आणि मागणे काय. दुसरी, यंत्राकडून परत आलेल्या मजकुरात ही पाच उत्तरे एकेक करून शोधा. एकही हरवले असेल तर तो कागद कितीही सुंदर असला तरी परत फिरवा. मजकूर इंग्रजीत असेल तर त्याचा अर्थ कोणाकडून तरी मातृभाषेत वाचून घ्या. तिसरी, सभासदांची नावे, आजारपणाचे कागद, संपाचे बेत यंत्रात टाकू नका. ते आपल्या मोबाईलमध्ये राहत नाही, कोणाच्या तरी दूरच्या संगणकावर जाते.

कचेरीच्या आवारातल्या अर्ज लिहिणाऱ्यापासून आजच्या मोबाईलपर्यंत लिहून देणारा बदलत आला. त्याची मजुरी बदलली, वेग बदलला, भाषा बदलली. कागदाच्या तळाशी असलेली जागा मात्र तशीच आहे. तेथे यंत्र सही करत नाही, आपण करतो. पूर्वी आपल्या माणसांना अंगठा द्यावा लागे, कारण वाचता येत नव्हते. वाचता येऊ लागल्यावरही न वाचता सही केली, तर तो अंगठाच होय. आपल्या लोकांना अक्षर मिळावे म्हणून या भूमीत ज्यांनी हाल सोसले, त्यांनी ते यासाठी सोसले नव्हते.